दोन टाक्यांचा जुना पिकअप: पेट्रोलचा काटा किती खरा, ते कसं तपासायचं

१९९७ च्या आधीचा फोर्ड एफ-१५० किंवा एफ-२५० घेतलात आणि डॅशबोर्डवर ‘फ्रंट’ आणि ‘रिअर’ लिहिलेलं छोटंसं बटण दिसलं, तर तुमच्या ट्रकला पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत. काटा मात्र एकच असतो. बटण ज्या बाजूला, त्या टाकीतलं पेट्रोल तो दाखवतो, निदान दाखवायला हवं. अमेरिकेत घराच्या कामासाठी, शेतासाठी किंवा निव्वळ हौस म्हणून असा ट्रक घेणाऱ्या आपल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. टाकी नक्की किती गॅलनची? काटा ‘ई’वर आला की खरंच संपलं का? आणि एक टाकी बरोबर दाखवते, दुसरी नाही, असं का?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घरच्या घरी काढता येतं. एक वही, एक साधा मल्टीमीटर आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर एवढंच लागतं. शिवाय या ट्रकमध्ये एक सोय अशी आहे जी एका टाकीच्या गाडीत नसते: दोन टाक्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. एकीचं म्हणणं दुसरीशी ताडून पाहिलं की दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा टाकी न उतरवताच कळतं.

पायरी १: आपला ट्रक कोणता, ते आधी ठरवा

तीन गोष्टी लिहून ठेवा: साल, मागच्या हौद्याची लांबी आणि इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं. या तीनवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

१९८७ ते १९९६ च्या फोर्ड एफ-मालिकेत पुढची टाकी चॅसीच्या मध्यावर, ड्रायव्हरच्या बाजूला असते आणि मागची मागच्या ॲक्सलच्याही मागे. पेट्रोल भरायची दोन्ही तोंडं ड्रायव्हरच्याच बाजूला, एक केबिनच्या लगेच मागे आणि दुसरं मागच्या चाकाच्या पलीकडे. हौदा आखूड असेल तर पुढची टाकी १६.५ गॅलनची, ८ फुटी असेल तर १९ गॅलनची. मागची दोन्हीत १८.२ गॅलनची. म्हणजे एकूण ३४.७ किंवा ३७.२ गॅलन, आपल्या हिशेबात साधारण १३१ किंवा १४१ लिटर. (अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन मोठा असतो, त्यामुळे जुनी कोष्टकं वाचताना गल्लत करू नका.)

जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या शेव्हर्ले आणि जीएमसी ट्रकांची मांडणी वेगळी. त्यांच्या टाक्या चॅसीच्या दोन्ही दांड्यांच्या बाहेर, घोड्याच्या खोगिराच्या पिशव्यांसारख्या दोन बाजूंना लटकवलेल्या, आणि तोंडंही एक डावीकडे, एक उजवीकडे. लांब हौद्याच्या ट्रकवर २०-२० गॅलनची जोडी सर्रास दिसते, आखूडवर १६-१६ ची. हे ट्रक घेणाऱ्याला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे: बाजूने धडक बसली तर या टाक्यांना धोका असतो. त्यावरून अमेरिकेच्या परिवहन खात्याने चौकशी केली आणि १९९४ मध्ये कंपनीने सुरक्षा-कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. अशा ट्रकच्या टाक्यांचे पट्टे आणि होसपाइप वर्षातून एकदा खाली झोपून पाहायला हवेत. यात आळस करू नका.

वरचे आकडे कारखान्यातून निघालेल्या ट्रकचे आहेत. ३० वर्षांत चार मालक झालेले असतात. मागची टाकी काढून जास्त मोठी बसवणारे पुष्कळ लोक आहेत आणि नवा मालक ते सांगितल्याशिवाय ओळखत नाही. म्हणून पुस्तकातला आकडा हा फक्त सुरुवातीचा अंदाज समजा.

पायरी २: बटण दाबल्यावर खरोखर टाकी बदलते का?

आधी दोन्ही टाक्यांत वेगवेगळं पेट्रोल असू द्या, एक जवळजवळ भरलेली आणि एक पावपर्यंत. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि बटण पुढे-मागे करून काट्याकडे पाहा. काटा हलायला हवा. १९८७ नंतरच्या फोर्डमध्ये काटा सावकाश हलतो, कारण पेट्रोल टाकीत हिंदकळल्यावर काटा नाचू नये म्हणून मीटरच्या मागे एक छोटं मॉड्यूल बसवलेलं आहे. तेव्हा थोडं थांबा.

आता कानाने तपासा. १९९० नंतरच्या पेट्रोल फोर्डमध्ये प्रत्येक टाकीत स्वतःचा पंप असतो. चावी फिरवल्यावर एक-दोन सेकंद बारीक गुंजल्यासारखा आवाज येतो. खिडकी उघडी ठेवा, एकदा ‘फ्रंट’वर ऐका, चावी बंद करा, मग ‘रिअर’वर ऐका. आवाजाची जागा बदलली पाहिजे.

कार्ब्युरेटरच्या आणि डिझेलच्या बऱ्याच ट्रकांत मात्र टाकीत पंप नसतो. चॅसीवर मोटरने फिरणारा एक सहा तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. इंजिनकडे जाणारं इंधन, इंजिनकडून परत येणारं इंधन आणि काट्याची वायर, तिन्ही तोच बदलतो. जुन्या ट्रकमध्ये हा व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो. मग काटा एका टाकीचा आणि इंजिन पीत असतं दुसऱ्या टाकीतलं, किंवा ओढतं एकीतून आणि उरलेलं परत टाकतं दुसरीत. बटण दाबल्यावर ट्रकखालून ‘घर्र’ असा छोटा आवाज आला नाही, तर आधी व्हॉल्व्ह आणि त्याचा प्लग पाहा. सेंडरला, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाला, हात लावायची घाई नको.

पायरी ३: काट्याचा नकाशा तयार करा

हे काम वेळ खातं, पण सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते.

एक टाकी निवडा. समजा पुढची, १९ गॅलनची. ती भरा आणि नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून बंद झालं की थांबा. वरून आणखी अर्धा गॅलन ठासू नका. टाकीत वर थोडी रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण उन्हात पेट्रोल फुगतं आणि त्याची वाफ ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जायला वाट लागते. ठासून भरलं तर तुमचं मोजमापही दर वेळी वेगळं येईल. शक्य असेल तर दर वेळी त्याच पंपावर, ट्रक त्याच दिशेला उभा करून भरा. उतारावर उभ्या ट्रकमध्ये ‘टक’ लवकर किंवा उशिरा होतं.

ट्रिप मीटर शून्यावर आणा. आता फक्त पुढच्याच टाकीवर चालवा. काटा बरोबर ¾ वर आला की पुन्हा पहिल्या ‘टक’पर्यंत भरा आणि किती गॅलन गेले, किती मैल झाले ते लिहा. पुढच्या खेपेला ½ वर येऊ द्या आणि मग भरा. नंतर ¼, आणि शेवटी काटा ‘ई’च्या रेघेला टेकेपर्यंत. काटा वाचताना ट्रक सपाट जागेवर उभा, चावी फिरवलेली, आणि काटा स्थिरावायला मिनिटभर दिलेला. चार खेपांनंतर वहीत असं काहीतरी येईल:

काटा ¾ वर: ३.१ गॅलन गेले
काटा ½ वर: ७.४ गॅलन
काटा ¼ वर: ११.८ गॅलन
काटा ‘ई’वर: १५.६ गॅलन, मैल १८२

या कल्पित आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. काटा सरळ रेषेत उतरत नाही. वरचा पाव भाग ३.१ गॅलनचा, त्याखालचा ४.३ चा. फ्लोटचा, म्हणजे सेंडरच्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा, दांडा गोलाईत फिरतो आणि टाकीचा आकारही वर-खाली सारखा नसतो, त्यामुळे हे होणारच. त्यात बिघाड काही नाही. दुसरी गोष्ट, ‘ई’वर १५.६ गॅलन मावले, म्हणजे १९ पैकी ३.४ गॅलन अजून टाकीत होते. पण ते सगळे तुमच्या कामाचे नाहीत. तळाचं थोडं पेट्रोल पंपाच्या जाळीच्या खाली राहतं, इंजिनपर्यंत पोचतच नाही.

राहिलेलं ‘खरं’ किती हे पाहायला टाकी पूर्ण कोरडी करण्याचा मोह होतो. टाकीत पंप असलेल्या ट्रकमध्ये हे करू नका. तो पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला तर तापून जळतो, आणि तो बदलायला टाकी उतरवावी लागते. माझा नियम साधा आहे: ‘ई’च्या रेघेनंतर जे आहे ते नाहीच असं धरायचं आणि रेघेच्या आधीच बटण दुसऱ्या टाकीवर टाकायचं. टाक्या दोन दिल्या आहेत त्या यासाठीच.

मग हेच मागच्या टाकीसाठी करा आणि दोन्ही नकाशे गाडीच्या कप्प्यात ठेवा.

आकडे वाचताना पंपाच्या मीटरवर संशय घेऊ नका. अमेरिकेत वजनमापं खात्याचा माणूस ५ गॅलन मोजून बघतो तेव्हा ६ घनइंचांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. ट्रिप मीटरवर मात्र संशय घ्या. आधीच्या मालकाने मोठे टायर बसवले असतील तर मैल कमी मोजले जातात. मोबाइलवरच्या जीपीएसशी एकदा २० मैलांचं अंतर ताडून पाहा.

पायरी ४: एका टाकीचं पेट्रोल दुसरीत जातंय का?

टाकी १८.२ गॅलनची आणि पंपाने १९.५ दाखवले, असं झालं तर लोक म्हणतात पुस्तकातला आकडा चुकीचा. कधी टाकी बदललेली असते, कधी टाकीच्या नळीत आणि वरच्या रिकाम्या जागेत थोडं जास्त मावतं. पण दोन टाक्यांच्या इंजेक्शन (कार्ब्युरेटर नसलेल्या) ट्रकमध्ये तिसरं कारण असतं आणि ते धोक्याचं आहे.

पंप इंजिनला लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं. ज्या टाकीतून निघालं तिथेच ते यावं म्हणून १९९० नंतरच्या फोर्डमध्ये प्रत्येक टाकीतल्या पंपाच्या जुळणीत एक व्हॉल्व्ह असतो. तो झिजला किंवा कचऱ्याने अडकला की परतीचं पेट्रोल दुसऱ्या टाकीत जातं. तुम्ही ‘रिअर’वर चालवत असता, मागची टाकी भराभर रिकामी होते आणि पुढची आपोआप भरत जाते. पुढची आधीच भरलेली असेल तर पेट्रोल तोंडातून बाहेर सांडतं. नव्वदच्या दशकात फोर्डने या दोषासाठी रिकॉलही काढला होता.

तपासायची रीत: पुढची टाकी अर्ध्यावर ठेवा. भरलेली अजिबात नको. मागची भरा आणि तिच्यावर १०० मैल चालवा. मग दोन्ही पहिल्या ‘टक’पर्यंत भरा. तुमच्या नकाशाप्रमाणे पुढच्या टाकीत ७.४ गॅलन मावायला हवेत. समजा फक्त ३ मावले आणि मागचीत १३. म्हणजे ४.४ गॅलन मागून पुढे गेले. खरा खप १३ वजा ४.४, म्हणजे ८.६ गॅलन, मायलेज ११.६. तुमच्या नेहमीच्या आकड्याशी हे जुळलं की शंका राहत नाही. नुसतं मागच्या टाकीवरून काढलं असतं तर मायलेज ७.७ आलं असतं आणि तुम्ही इंजिनमध्ये दोष शोधत बसला असता.

हा दोष सापडला तर दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही टाक्या एका वेळी भरायच्या नाहीत. ज्या टाकीत पेट्रोल जातं ती निम्म्याच्या खाली ठेवा.

पायरी ५: काटा खोटं बोलतोय, पण का?

इथे साक्षीदारांचा उपयोग करा. दोन्ही टाक्यांवर काटा सारखाच चुकत असेल, तर दोष दोघींना सामाईक असलेल्या भागात: मीटर, त्याच्या मागचं मॉड्यूल, फ्यूज, बटण. एकाच टाकीवर चुकत असेल, तर त्या टाकीचा सेंडर, त्याची वायर किंवा अर्थिंग. एवढ्यानेच निम्मी शोधाशोध वाचते.

सेंडर म्हणजे फ्लोटच्या दांड्याने बदलणारा रेझिस्टन्स. तो कंपनी आणि सालाप्रमाणे वेगळा असतो आणि हे आकडे पाठ हवेत:

१९८६ पर्यंतचे फोर्ड: रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम, भरलेल्या टाकीला सुमारे १०.
१९८७ पासूनचे फोर्ड: रिकामी १६ ओहम, भरलेली १५८.
जनरल मोटर्स: रिकामी ०, भरलेली ९०.

पहिल्या ओळीत आकडा उतरत जातो, पुढच्या दोनमध्ये चढतो. म्हणून चुकीच्या सालाचा सेंडर बसवला तर काटा उलटा चालतो. नवीन सेंडर बसवल्यावर भरलेली टाकी रिकामी दिसायला लागली, तर आधी खोक्यावरचं साल वाचा.

याच आकड्यांतून गंजाचं वागणंही समजतं, आणि ते नवख्या माणसाने नीट समजून घ्यावं. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या ट्रकचं अर्थिंग सडतं. सडलेल्या जोडातून वायर गेली की रेझिस्टन्स वाढतो. १९८७ नंतरच्या फोर्डमध्ये आणि जनरल मोटर्समध्ये जास्त रेझिस्टन्स म्हणजे जास्त पेट्रोल. म्हणजे गंजलेला ट्रक आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो आणि तुम्ही हायवेवर अडकता. १९८६ पर्यंतच्या फोर्डमध्ये उलट, तो कमी दाखवतो, त्याचा त्रास कमी. त्यामुळे कुठलाही भाग विकत घेण्याआधी त्या टाकीची अर्थिंगची वायर चॅसीला जिथे जोडली आहे ती जागा वायरब्रशने चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा आणि काटा पुन्हा पाहा. फुकटातला हा उपाय फार वेळा पुरतो.

तेवढ्याने भागलं नाही तर सेंडरचा प्लग काढून मल्टीमीटर लावा. नकाशावरून टाकीत किती पेट्रोल आहे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे किती ओहम यायला हवेत याचा अंदाज येतो. ओहम बरोबर असतील तर सेंडर निर्दोष, पुढे वायर आणि मीटर पाहा. प्लग काढलेला असताना चावी फिरवली तर १९८७ नंतरच्या फोर्डचा आणि जनरल मोटर्सचा काटा ‘एफ’कडे जायला हवा, आणि सेंडरची वायर क्षणभर चॅसीला टेकवली तर ‘ई’कडे. १९८६ पर्यंतच्या फोर्डमध्ये हे उलट होतं आणि तिथे वायर थेट टेकवून ठेवू नका, मीटरची आतली तार जळू शकते. त्या जुन्या फोर्डमध्ये पेट्रोल, तापमान आणि ऑइल प्रेशर हे तिन्ही काटे एकदम वर किंवा एकदम खाली राहत असतील तर टाकीकडे जाऊच नका. तिघांना सुमारे ५ व्होल्ट पुरवणारा एक छोटा रेग्युलेटर मीटरच्या मागे असतो, तो बदला.

काटा कायम ‘ई’वर आणि वायर वगैरे सगळं ठीक, तर फ्लोट बुडालेला असण्याची शक्यता मोठी. पितळी फ्लोटला बारीक भोक पडतं आणि तो पेट्रोलने भरून तळाशी बसतो.

मागच्या टाकीचा सेंडर काढायचा झाला तर टाकी खाली उतरवण्यापेक्षा हौद्याचे बोल्ट सोडून हौदा उचलणं बहुतेकांना सोपं पडतं. तीन-चार माणसं लागतात. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पाणी तापवायच्या गॅसच्या ज्योतीपर्यंत पोचते. बॅटरीची काळी वायर आधी काढा, अग्निशामक हाताशी ठेवा, आणि हॅलोजनचा दिवा टाकीजवळ नेऊ नका.

डिझेल ट्रक घेणाऱ्यांसाठी

एफ-२५० आणि एफ-३५० मधल्या ६.९ आणि ७.३ लिटर डिझेल इंजिनांचा एक प्रसिद्ध आजार आहे. काटा पाववर असतो आणि ट्रक डिझेल संपल्यासारखा बंद पडतो. लोक सेंडर बदलतात, काही फरक पडत नाही, कारण काटा खरंच बोलत असतो. टाकीत इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाला शॉवरच्या तोटीसारखा प्लास्टिकचा भाग असतो, तो जुना होऊन तुटतो आणि टाकीत पडतो. मग नळी तळापर्यंत पोचत नाही आणि खालचं पाव टाकी डिझेल कधीच वर येत नाही. नकाशा काढताना ट्रक पाववर बंद पडला, पण दुसऱ्या टाकीवर टाकल्यावर सुरळीत चालला, तर हेच झालंय असं समजा. टाकी काढून नळीला नवा तुकडा इतक्या मापाचा जोडायचा की तो तळाच्या किंचित वर राहील, आणि तुटलेला तुकडा टाकीतून बाहेर काढायला विसरायचं नाही.

रोजची सवय

दोन्ही टाक्या आलटून-पालटून वापरा. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. महिनोन्‌महिने न वापरलेली टाकी आतून गंजते आणि तिचा फ्लोटचा दांडाही एका जागी चिकटतो. मागची भरलेली टाकी म्हणजे ॲक्सलच्या मागे जवळजवळ ५० किलो वजन. हौद्यात आधीच विटा किंवा लाकूड भरलं असेल तर त्या दिवशी मागचीतलं आधी संपवा.